उष्टा पाइप

अप्पांनी जन्मात कधी तंबाखू ओढली नाही. हे आधीच सांगते, कारण बोरीत नवा आलेला माणूस त्यांना सोमवारी ओट्यावर बसलेलं बघायचा आणि त्याला वाटायचं, म्हातारा मोठा शौकीन दिसतो. ओट्यावर पांढरं फडकं अंथरलेलं असायचं. त्यावर एक इंग्रजी पाइप, दोन तुकडे मोकळे करून ठेवलेला. बाजूला स्पिरिटची बाटली, कबुतराचं पीस, छत्रीची एक तार, मलम कालवायची बोथट सुरी आणि वाटीत चाळलेली राख. कपाळावर विभूतीचे पट्टे आणि गळ्यात लिंग असलेला हा माणूस मांडी घालून बसायचा आणि पाइपाच्या खोलगट तोंडात सुरी घालून आतून खरवडत राहायचा.

गावातली पोरं मागून त्यांना 'पाइपअप्पा' म्हणायची. पुढून म्हणायची कोणाची छाती नव्हती, कारण पोटात दुखायला लागलं की याच माणसाकडं यावं लागायचं. अप्पा बोरीच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. निझामाच्या वेळेपासून होते.

मी लग्न होऊन बोरीला आले ती अप्पांच्याच घरी. आमचे हे तिथल्या शाळेत मास्तर लागले होते आणि अप्पांच्या माळवदाच्या घरातल्या दोन खोल्या आम्ही भाड्यानं घेतल्या होत्या. दारातून आत शिरलं की ढेलज, म्हणजे बसाउठायची पडवी, ढेलजेच्या उजव्या हाताला आमचं दार, समोर अप्पा आणि अव्वांचं घर. अव्वा म्हणजे अप्पांची बायको. दोघांचा एकुलता मुलगा लातूरला नोकरीला होता.

मी मोठ्या माणसांपुढं बोलत नसे. माहेरी ती रीतच होती, आणि माझा स्वभाव रीतीपेक्षाही भित्रा. चौथीपर्यंत शाळेत गेले, पण तिथंही धडा वाचायला उभं केलं की आवाज घशातच राहायचा. अप्पा ढेलजेतून विचारायचे, "सूनबाई, मास्तर आलेत का शाळेतून?" मी दाराआड पदर दातात धरून उभी. शब्द काही फुटायचा नाही.

"ही मुकी हाय का काय?" अव्वा म्हणायच्या.

"मुकी न्हाई, लाजायलीय," अप्पा म्हणाले. मग दाराकडं न बघता, समोरच्या भिंतीला सांगावं तसं सांगितलं, "सूनबाई, हो असंल तर बांगड्या वाजव. न्हाई असंल तर गप ऱ्हा."

हे आलेले होते. मी हात हलवला.

"बघ, बोलतीय की!" अप्पा अव्वांना म्हणाले. "तुझ्यापरीस बरं बोलतीय. थोडक्यात."

त्या दिवसापासून आमचं बोलणं तसंच चाललं. पुढं कितीतरी वर्षं मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि तरी त्यांच्याइतकं माझ्याशी त्या गावात कोणी बोललं नाही.

दवाखाना त्यांच्या अंगात मुरलेला होता. औषधाच्या बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवून खुराकाच्या खुणा करतात, तशी पट्टी लावलेली एक बाटली त्यांनी चहासाठी ठेवली होती. सकाळी अव्वा चहा करून त्या बाटलीत ओतायच्या. अप्पा एक खूण भरेल एवढाच चहा पेल्यात घ्यायचे, बाकीचा झाकून ठेवायचे. "दुपारचा खुराक ऱ्हाऊ दे."

"खुराक म्हणं!" अव्वा चुलीपाशी करवादायच्या. "चहा हाय का काढा हाय? माणसं पाव्हण्याला चहा देतेत, ह्ये खुराक देतेत."

गल्लीत दोन बाया भांडत अप्पांपाशी आल्या की ते दोघींना हात वर करून थांबवायचे आणि म्हणायचे, "आधी हालवून घ्या." बाटलीतलं औषध खाली बसलेलं असतं, ते हलवून घेतल्याशिवाय घ्यायचं नसतं, तसंच मनात बसलेलं एकदा हलवून मग बोलावं, असं त्यांचं म्हणणं. बाया हसायला लागायच्या आणि भांडण तिथंच निम्मं व्हायचं.

आम्ही राहायला आलो त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली. दवाखान्यात मराठी डॉक्टर आले होते. बाटल्यांवरच्या जुन्या उर्दू चिठ्ठ्या काढून मराठीत लावा, असा हुकूम झाला. अप्पांचं लिहिणं-वाचणं सगळं उर्दूत झालेलं. त्यांनी दुसऱ्याकडून चिठ्ठ्या लिहून घेतल्या, स्वतःच्या हातानं एकेक बाटलीवर चिकटवल्या आणि घरी आले ते परत गेले नाहीत.

"का हो सोडली?" ह्यांनी विचारलं.

"बाटलीत औषध त्येच हाय, मास्तर," अप्पा म्हणाले. "पर मला ती वळखू येईनात."

पाइप अप्पांचा नव्हता, तो निझामाच्या वेळी दवाखान्यात असलेल्या मुसलमान डॉक्टरसाबांचा होता. ही हकीकत मला अव्वांनी सांगितली, एका दुपारी आम्ही दोघी ढेलजेत ज्वारी निवडत होतो तेव्हा. मी विचारलं नव्हतं. माझी नजर कोनाड्याकडं गेलेली त्यांनी पाहिली एवढंच.

कोनाडा दाराच्या आतल्या अंगाला होता, जिथं लोक वहाणा काढतात तिथं. पाइप तिथं राहायचा, उकळून वाळवलेल्या गॉजमध्ये गुंडाळलेला. घरात त्याला जागा नव्हती. दुसऱ्याच्या तोंडची वस्तू, त्यात लिंगायताच्या घरात तंबाखूची. अव्वा त्याला शिवत नसत.

"रझाकारीच्या दिसात," अव्वा सांगू लागल्या, "आमच्या गल्लीवर माणसं चालून आली व्हती. डॉक्टरसाब दवाखान्याच्या दारात हुबं ऱ्हायलं. आमी समदी आत. म्हणलं त्यांनी, ह्ये माझे बीमार हायेत, मधी यायचं तर मला हालवून या. कोणी आलं न्हाई. मंग पोलीस ॲक्शन झाली. मंग पाळी त्यांची आली."

मंग पाळी त्यांची आली. एवढंच म्हणून त्या बराच वेळ खडे वेचत राहिल्या.

अप्पांनी बैलगाडी जुंपली. डॉक्टरसाबांना आपलं धोतर नेसवलं, डोक्याला मुंडासं बांधलं. त्यांच्या बायकोला आणि दोन मुलींना अव्वांनी आपली लुगडी दिली आणि तिघींच्या कपाळाला आपल्या हातानं कुंकू लावलं. "धाकली लय गोरी. तिला लावताना माझा कान दाराकडं लागलेला, आन् ती माझ्याकडं बघून हसायलीय. तिला वाटायलंय, खेळ हाय." परभणीच्या ठेसनावर ओळखीची माणसं फार, म्हणून अप्पांनी गाडी आडवाटेनं पार चुडाव्यापर्यंत नेली. तिथं लहान ठेसन, कोणी बघणारं नाही. हैदराबादची गाडी यायला वेळ होता. डॉक्टरसाबांनी सवयीनं खिशातून पाइप काढला आणि तोंडात धरला.

"धोतर, मुंडासं आन् तोंडात ह्ये!" अव्वा म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी झडप घालून काढला. तवा डॉक्टरसाब हसले म्हणं. लय दिसांनी हसले. आन् ह्यांच्या हातात दिला. म्हणले, अप्पा, ये तुम रखो. साफ रखना. मैं आके लेऊंगा."

साफ रखना. अप्पांसाठी तो शब्द म्हणजे हुकूम होता, दवाखान्यात डॉक्टरसाबांचा असायचा तसाच. आणि साफ म्हणजे काय, हे अप्पांना दोन ठिकाणी शिकवलेलं होतं. दवाखान्यात शिकवलं होतं की सुई उकळायची, चिमटा स्पिरिटनं पुसायचा, कुठं काळं म्हणून राहू द्यायचं नाही. आणि घरात शिकवलं होतं की दुसऱ्याचं भांडं आपल्याकडं आलं तर ते उष्टं परत जाता कामा नये. घासून, धुऊन, लख्ख करून द्यायचं.

म्हणून दर सोमवारी पूजा झाली की पाइप ओट्यावर यायचा. आधी स्पिरिटमध्ये बुडवलेलं पीस दांडीतून फिरायचं, मग छत्रीची तार, मग सुरीनं आतली काजळी खरवडायची, मग राखेनं घासायचं, मग कोमट पाणी. शेवटी उन्हात विटेवर वाळत ठेवायचा. आणि उष्ट्या वस्तूला हात लागला म्हणून अप्पा पुन्हा आंघोळ करायचे. सोमवारी दोन आंघोळी. अव्वांना आडाचं पाणी दोनदा शेंदावं लागायचं.

"एवढं उष्टं वाटतंय तर ठेवताव कशाला?" त्या विचारायच्या.

"उष्टं हाय म्हणूनच धुवायलाव ना. उद्या साब येतील आन् म्हणतील, अप्पा, तुमी माझं उष्टं तसंच पडू दिलं, तर?"

"उद्या!" अव्वा रहाट ओढता ओढता म्हणायच्या. "तुमचं उद्या उगवायचं कवा?"

गावातले लोकही विचारायचे. चारठाण्याचा एक व्यापारी बाजाराला यायचा, तो अप्पांना चिडवायचा, "अप्पा, तुमचे साब तिकडं नवा पाइप घेऊन बसले असतील. इका ह्यो." अप्पा त्याला म्हणायचे, "हालवून घे आधी." आणि खरवडत राहायचे. पण तो माणूस गेल्यावर त्यांचा हात थांबायचा. मी दाराआडून पाहायची. सुरी पाइपात तशीच राहायची आणि अप्पा रस्त्याच्या टोकाकडं, जिथं परभणीची मोटार थांबते तिकडं, बघत राहायचे.

एका उन्हाळ्यात लातूरहून मुलगा आई-वडिलांना न्यायला आला. चांगला मुलगा होता. वडिलांचे डोळे चाललेत हे त्याला कळलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. इथं आडाच्या काठावर कधी पाय घसरला तर, असं म्हणाला. अव्वा तयार होत्या. त्यांनी पेटी भरली, देव कपड्यात बांधले, माझ्या हातात लोणच्याची बरणी दिली. गाडी दारात आली.

अप्पा ढेलजेत कोनाड्यापाशी बसले होते. एक हात वर, पाइपावर.

"अप्पा, चला की," मुलगा म्हणाला.

"मी न्हाई येत."

"पाइप संगं घ्या की मंग! कोण न्हाई म्हणायलंय?"

"पाइप घेईन रे. पर साब आले तर ह्या घरी येतील. लातूरला कुठं हुडकतील मला?"

"आन् न्हाई आले तर?"

अप्पांनी, का कोण जाणे, तोंड आमच्या दाराकडं केलं. "सूनबाई, येतील ना गं?"

मला काय ठाऊक? मी डॉक्टरसाबांना कधी पाहिलेलंही नव्हतं. पण गप्प राहणं म्हणजे नाही, हे आमचं ठरलेलं होतं. मला गप्प राहवलं नाही. माझा हात हलला.

मुलगा वैतागून हसला. अव्वा गाडीपाशी उभ्या होत्या, त्या परत आल्या. पेटी उघडली, देव सोडून पुन्हा जागेवर मांडले. माझ्याकडची बरणी मात्र मागितली नाही.

त्यानंतर डोळे आणखी गेले. अप्पा पाइप आता बोटांनी साफ करायचे. आत बोट घालून चाचपायचे आणि म्हणायचे, "आजून खडबडीत लागायलंय." पुन्हा सुरी. बोटाला गुळगुळीत लागेपर्यंत सुरी. पाइप आतून आधी काळा होता, मग तपकिरी झाला, मग उसाच्या सोललेल्या कांड्यासारखा फिका दिसायला लागला. एका बाजूनं कडा इतकी पातळ झाली की दुपारच्या उन्हात ती लालसर उजळायची. मला वाटायचं, किती स्वच्छ झालाय.

आणि एका दिवशी डॉक्टरसाब आले.

दसरा होऊन गेला होता. दुपारची मोटार येऊन गेल्याचा आवाज मी ऐकला होता. ढेलजेच्या दारात एक उंच, वाळलेला माणूस उभा राहिला. शेरवानी, हातात काठी, दाढी सगळी पांढरी.

"अप्पा हैं क्या?"

अव्वांचे हात पिठाचे होते. त्या बाहेर आल्या, कपाळावर आडवा हात धरून पाहिलं, आणि पिठाच्याच हातानं पदर डोक्यावर ओढला. "डॉक्टरसाब! अवो, उठा. डॉक्टरसाब आलेत!"

अप्पा बसल्या जागेवरून उठले. त्यांनी ज्या दिशेनं आवाज आला होता तिकडं हात जोडले. डॉक्टरसाबांनी ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. दोघं तसेच उभे. मी आमच्या दाराच्या फटीतून बघत होते आणि मला वाटत होतं की कोणीतरी बोलावं.

अव्वा बोलल्या. "बाईसाब कशा हायेत?"

"गुजर गई, अव्वा. दो साल हुए."

अव्वा खाली बसल्या. "आन् पोरी?"

"दोनों की शादी हो गई. छोटी औरंगाबाद में है, उसी के पास जा रहा था. परभणी में गाडी रुकी तो उतर गया." मग म्हणाले, "पहले ही आना था, अप्पा. हिम्मत नहीं हुई. छोटी अब भी बोलती है, बोरी की अव्वा ने मेरेकू टीका लगाया था."

अव्वांनी पदर तोंडाला लावला.

अप्पा मात्र तोवर वळले होते. त्यांचा हात कोनाड्यात गेला होता. गॉज सोडताना बोटं चुकत होती. "साब, तुमचा पाइप."

"थांबा," अव्वा एकदम उठल्या. इतकी वर्षं ज्यांनी त्या पाइपाला बोट लावलं नव्हतं, त्यांनी तो अप्पांच्या हातातून काढून घेतला. "रिकामा देताव? माणसाचं भांडं रिकामं देतेत व्हय?" आणि त्या तशाच आत गेल्या.

आमच्याकडं शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात. अव्वा बाहेर आल्या तेव्हा पाइपाच्या तोंडात साखर भरलेली होती, काठापर्यंत. त्यांनी तो डॉक्टरसाबांच्या हातात दिला.

डॉक्टरसाबांनी साखर तळहातावर ओतून घेतली आणि सगळी तोंडात टाकली. मग सवयीनं त्यांचा अंगठा पाइपाच्या आत गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी पाइप दाराच्या उजेडाकडं नेला, आत पाहिलं. त्यांचा चेहरा मला पुरता दिसत होता.

पाइप ओढणारे आतली काजळी कधी सगळी काढत नाहीत. ती वर्षानुवर्षं बसू देतात. त्या काजळीनंच लाकूड जळण्यापासून वाचतं आणि धुराला चव येते. साफ ठेवणं म्हणजे वरवरची राख झाडून दांडी पुसून ठेवणं, एवढंच. डॉक्टरसाबांच्या वडिलांनी तो पाइप ओढला होता, मग त्यांनी. दोघांची काजळी त्यात होती. हे सगळं आमच्या ह्यांनी मला संध्याकाळी सांगितलं. मोटारीची वाट बघताना डॉक्टरसाब त्यांच्यापाशी बोलले होते. पण दुपारी मला त्यातलं काही माहीत नव्हतं, तरी त्या चेहऱ्याकडं बघून एवढं कळलं की इथं काहीतरी होतं आणि ते आता नाही.

"साफ हाय ना, साब?" अप्पांनी विचारलं.

डॉक्टरसाबांनी पाइप उजेडातून खाली घेतला.

"बहुत साफ, अप्पा. दुकान में भी इतना साफ नहीं रहता."

अप्पांचं तोंड फुललं. त्यांच्या आंधळ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. "दर सोमवारी केला, साब. एक सोमवार चुकला न्हाई. आता ओढा. मला आवाज ऐकायचाय."

डॉक्टरसाब आता सिगरेट ओढायचे. त्यांनी एक सिगरेट मोडून तिची तंबाखू पाइपात भरली, काडी लावली. दोन-तीन झुरके घेतले आणि त्यांना ठसका लागला. ढेलजेत वास पसरला. चुलीत ओलं लाकूड घातल्यावर सुटतो तसा करपट वास. पाइपाचं उघडं लाकूड आतून जळत होतं.

अप्पांनी नाक वर केलं. डोळे गेल्यावर त्यांचं नाक फार तिखट झालं होतं.

"साब, वास येगळा यायलाय."

"तंबाखू बदल गई, अप्पा. सिगरेट की है."

"आसं व्हय." अप्पांच्या कपाळावरच्या विभूतीला आठी पडली. मग त्यांनी हळूच आमच्या दाराकडं तोंड केलं. "सूनबाई, साब ओढायलेत ना? पैल्यावानी?"

पहिलं मी कुठं पाहिलं होतं? मी फटीतून बघत होते. डॉक्टरसाबांच्या डोळ्यांतून धुरानं पाणी वाहत होतं, आणि पाइप त्यांनी तोंडातून काढला नव्हता. करपलेल्या लाकडाचा धूर ते ओढतच होते, एकामागून एक, अप्पांना ऐकू जाईल असा आवाज करत.

मी बांगड्या वाजवल्या.

डॉक्टरसाबांनी दाराकडं पाहिलं. मी त्यांना दिसत नव्हते. तरी त्यांनी मान वाकवून हात कपाळापर्यंत नेला.

निघताना त्यांनी पाइप परत अप्पांच्या हातात ठेवला. अव्वा म्हणाल्या, "आवं, घेऊन जावा की." डॉक्टरसाब म्हणाले, "मैं फिर आऊंगा. तब तक अप्पा के पास रहने दो. लेकिन अप्पा, अब साफ नक्को करो."

"न्हाई करायचा?" अप्पा गोंधळले. "तुमचं उष्टं हाय, साब."

"हौ. मेरा जूठा है, इसी लिए बोल रहा हूं. रहने दो."

अप्पा बराच वेळ पाइप हातात धरून उभे होते. तो अजून कोमट असणार. मग म्हणाले, "बरं." तेवढ्यात शाळेतून आलेले आमचे हे डॉक्टरसाबांना पोचवायला मोटारीकडं गेले, तेव्हा अप्पा भिंत चाचपत आत गेले. पाइप त्यांनी कोनाड्यात ठेवला नाही. आत, देवाच्या फळीशेजारी ठेवला. आणि त्या दिवशी दुसरी आंघोळ केली नाही. अव्वांनी आडावरून बादली भरून आणली होती, ती तशीच राहिली.

पुढचे सोमवार मला आठवतात. पूजा झाली की अप्पा सवयीनं ओट्यावर येऊन बसायचे. अव्वा सवयीनं फडकं अंथरायच्या. त्यावर काही नसायचं. अप्पा रिकाम्या फडक्यावर हात फिरवायचे आणि म्हणायचे, "आज करायचं काई न्हाई." त्यांना ते जड गेलं. वर्षानुवर्षं हात ज्या कामावर जगला होता ते काम काढून घेतलं गेलं होतं, आणि ते काढून घेणारा माणूसही मोटारीत बसून गेला होता. चहाचा खुराक ते अर्धाच घ्यायला लागले. बाया भांडत आल्या तर "हालवून घ्या" म्हणायचं विसरायला लागले. डॉक्टरसाबांचं आपल्या हातून नेमकं काय हरवलं, ते अप्पांना कधी कळलं नाही. आम्ही कोणी कळू दिलं नाही. पण कधी कधी ते पाइप मागून घ्यायचे, नाकाशी धरायचे आणि परत द्यायचे.

डॉक्टरसाब पुन्हा आले नाहीत. हैदराबादेकडचा एक माणूस बाजारात सांगून गेला की ते त्याच थंडीत वारले. अव्वांनी ते ऐकलं आणि ढेलजेत येऊन मला नुसती मान हलवून सांगितलं, नको म्हणून. अप्पांना सांगायचं नव्हतं.

त्यानंतर अप्पाही फार टिकले नाहीत. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "सूनबाई हाय का?"

मी उंबऱ्यात बसले होते. बांगड्या वाजवल्या.

"पाइप उष्टाच हाय ना?"

फळीवर तो होता तसाच होता. आत काळा डाग पडला होता, डॉक्टरसाबांनी त्या दुपारी ओढलेल्या तंबाखूचा, टिकलीएवढा. मी पुन्हा वाजवल्या. अप्पांनी मान हलवली. जणू अव्वांनी चहाची बाटली झाकून ठेवली का, एवढंच विचारलं होतं.

त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून पुरलं. मुलगा अव्वांना लातूरला घेऊन गेला. जाताना अव्वांनी गॉजची गुंडाळी माझ्या हातात दिली. "तू ठेव. तुला ठाव हाय." आणखी काही सांगितलं नाही. मी हात हलवून हो म्हटलं, आणि त्या रडता रडता हसल्या. "आता तरी तोंडानं बोल गं बाई." मला नाही जमलं.

आता हे नाहीत. माझ्या हातात बांगड्या नाहीत. परवा दिवाळीची साफसफाई चालली होती. सून फळ्या पुसत होती. तिच्या हाताला ती गुंडाळी लागली. तिनं सोडून पाहिली आणि नाक मुरडलं.

"आई, ह्ये काय हाय? करपट वास यायलाय. घासून टाकू का राखेनं?"

मी काही बोलले नाही. ती माझ्याकडं बघत थांबली, आणि मग पाइप घेऊन मोरीकडं निघाली. माझं गप्प राहणं म्हणजे नाही, हे तिला कुठून कळणार? ते ज्याला कळायचं तो माणूस गेला. मी हात हलवला, आणि हातात काही वाजलं नाही.

तेव्हा मी तोंडानं बोलले. मला वाटलं त्यापेक्षा मोठा आवाज निघाला. सून दचकून थांबली.

"नको," मी म्हटलं. "घरातलं सगळं घास. तेवढं उष्टं राहू दे."